जीर्ण व परस्परांस चिकटलेल्या ऐतिहासिक कागदपत्रांचे जतन

॥ श्री ॥

सर्व भाविक बंधू-भगिनी व विश्वस्त मंडळाचे सन्माननीय सभासद यांच्या माहितीसाठी प्रस्तुत लेख देत आहोत. बालाघाट जिल्ह्यातील अनेक मराठी घराण्यांत व देवस्थानांत जुने बस्ते, रुमालात बांधलेली दप्तरे, पोथ्या आणि जमाखर्चाच्या वह्या आजही आहेत. त्यांपैकी पुष्कळ कागद ओल, वाळवी व दुर्लक्ष यांमुळे जीर्ण झाले आहेत. काही गठ्ठ्यांची पाने तर परस्परांस चिकटून त्यांची जणू वीटच बनली आहे. असा गठ्ठा हाती आला म्हणजे दोनच विचार मनात येतात. एक, जोर लावून तो उघडून पाहावा; दुसरा, आता याचा उपयोग नाही म्हणून तो वैनगंगेत विसर्जित करावा. हे दोन्ही मार्ग टाळावेत आणि तिसरा कोणता, हे सर्वांस कळावे, या हेतूने ही माहिती संकलित केली आहे.

१. आपल्या भागातील कागदांचे महत्त्व

आजचा बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनविण्यात आला. त्यापूर्वी या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. लांजीसारखी ठिकाणे त्या कारभारात मोडत असत. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निवर्तल्यानंतर इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. पुढे हा भाग मध्य प्रांतात राहिला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होताना विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिला.

या इतिहासाचा परिणाम आपल्या कागदपत्रांवर स्पष्ट दिसतो. भोसलेकालीन कागद मराठी भाषेत व मोडी लिपीत आहेत, इंग्रजी अमलातील मालगुजारीचे कागद हिंदी, मराठी, उर्दू व इंग्रजी अशा मिश्र स्वरूपात आढळतात, आणि त्यापुढील बहुतेक व्यवहार देवनागरी हिंदीत आहे. मोडी वाचणारी माणसे घरोघरी राहिली नाहीत. त्यामुळे "हे काहीतरी जुने आहे" यापलीकडे कुटुंबीयांना बस्त्यातील मजकुराची कल्पना नसते. प्रत्यक्षात त्यात देवस्थानास दिलेली सनद, पूजाअर्चेची नेमणूक, वर्षासन, माफी जमिनीची नोंद, हद्दीचा निवाडा किंवा दुष्काळी वर्षातील धान्याचा हिशोब असू शकतो. राजधानीचे दप्तर सदैव सुरक्षित राहते असेही नाही. नागपूर येथील भोसल्यांचा वाडा १८६४ मध्ये आगीत जळाला. म्हणूनच गावोगावच्या देव्हाऱ्यांत व माळ्यांवर उरलेल्या कागदांचे मोल अधिक आहे.

महाराष्ट्रात ही जाणीव इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी रुजविली. गावोगाव हिंडून त्यांनी जुनी दप्तरे मिळविली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. या मालेचे एकूण २२ खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तर राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यास त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. यांतील कितीतरी माहिती एकेकाळी कोणाच्या तरी माळ्यावर, कोनाड्यात किंवा पेटीच्या तळाशीच पडून होती.

२. कागद, शाई व त्यांचे शत्रू

जुना कागद हाताने केलेला असे. जुन्नर, तसेच दौलताबादनजीकचे कागजीपुरा ही कागदासाठी प्रसिद्ध ठिकाणे होती. चिंध्या व ताग यांसारख्या तंतूंपासून केलेल्या कागदास खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटीत असत. घोटल्यामुळे बोरू सहज चाले व शाई फुटत नसे. शाई काजळी व डिंक यांची असे. काजळी हा शुद्ध कोळसा असल्याने उन्हाने किंवा काळाने ती फिकी पडत नाही. याच कारणास्तव दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद पुष्कळदा कालच लिहिल्यासारखे दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राचा कागद आला. लाकडाचा लगदा, तुरटी व राळ यांपासून केलेल्या या कागदात आम्ल निर्माण होते आणि तो आतूनच पिवळा व ठिसूळ होत जातो. लोहयुक्त शाई वापरली असल्यास अक्षरांच्या जागी कागद करपल्यासारखा होऊन गळून पडतो. त्यामुळे आजोबांच्या काळातील वही ही पणजोबांच्या पणजोबांच्या सनदेपेक्षा अधिक नाजूक असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

बाहेरील शत्रू सर्वांच्या परिचयाचे आहेत: ओल, बुरशी, वाळवी, कसर, झुरळे, उंदीर, ऊन, धूर आणि तेल. देवस्थानांत यांत समईची काजळी, उदबत्तीचा धूर, कुंकू व अभिषेकाचे पाणी यांची भर पडते.

३. पाने परस्परांस का चिकटतात?

पाने सुटी करण्यापूर्वी ती कशामुळे चिकटली हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण उपाय त्यावरच अवलंबून असतो. सामान्यतः पुढील कारणे आढळतात.

(अ) खळ व डिंक. कागदावरील खळ आणि शाईतील डिंक ओलाव्याने मऊ होतात. गठ्ठा दाबाखाली असताना तो पुन्हा वाळला की पाने एकजीव होतात.

(आ) चिखल. पुराच्या पाण्यातील बारीक गाळ पानांत शिरून वाळल्यावर सिमेंटप्रमाणे घट्ट होतो.

(इ) बुरशी. बुरशीचे तंतू एका पानातून दुसऱ्या पानात वाढतात. असा कागद चिकटलेला तर असतोच, पण कापसासारखा मऊ व निःसत्त्वही झालेला असतो.

(ई) वाळवीची माती व कीटकांची घाण. येथे पाने काही ठिपक्यांपुरतीच चिकटलेली असतात.

(उ) गुळगुळीत लेप असलेला आधुनिक छपाईचा कागद. स्मरणिका, छायाचित्रांचे अल्बम इत्यादी या प्रकारात येतात. हा कागद भिजून एकदा वाळला की सुटा करणे जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी जे करावयाचे ते तो ओला असतानाच करावे लागते.

४. कागद नुकतेच भिजले असल्यास

पूर, गळके छप्पर किंवा आग विझविताना मारलेले पाणी यांमुळे कागद भिजतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयातील ग्रंथ भिजले. चिपळूणच्या १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ व २०२१ असे दोन पूर सोसले. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांस हे प्रसंग परके नाहीत.

अशा वेळी पहिले ४८ तास निर्णायक असतात. आपल्या पावसाळी उष्ण हवेत तेवढ्या अवधीत बुरशी धरू लागते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

– प्रथम गठ्ठा आहे तसा, खालून फळीचा किंवा ताटाचा आधार देऊन उचलावा. ओल्या कागदाची ताकद फारच कमी असते. एकेक पान उचलू नये.
– पाणी आपोआप निथळू द्यावे. पिळू नये व दाबू नये.
– कागद थोडे असल्यास सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली, दर दहा-वीस पानांमागे टीपकागद किंवा छपाई नसलेला शोषक कागद घालून वाळवावेत. टीपकागद वारंवार बदलावा. छापील वर्तमानपत्र थेट लावू नये, त्याची शाई उतरते.
– कागद पुष्कळ असल्यास किंवा लगेच हात लावणे शक्य नसल्यास लहान गठ्ठे मेणकागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड शीतपेटीत ठेवावेत.

शेवटचा उपाय वाचून आश्चर्य वाटेल, परंतु जगभर तोच मान्य झाला आहे. गोठल्यामुळे बुरशीची वाढ व शाईचे पसरणे दोन्ही थांबतात आणि विचार करण्यास अवधी मिळतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी आर्नो नदीच्या पुराने राष्ट्रीय ग्रंथालय चिखलात बुडाले. तेथे देशोदेशींच्या तज्ज्ञांनी व तरुण स्वयंसेवकांनी जे काम केले, त्यातून आधुनिक कागद-संवर्धनाच्या अनेक पद्धती पुढे आल्या. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेखागाराला आग लागून सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. पाण्याने भिजून उरलेल्या फायली अंतराळ संशोधनासाठी बांधलेल्या निर्वात कक्षात वाळविण्यात आल्या. निर्वात कक्षात गोठलेले पाणी द्रवरूप न होता थेट वाफ होऊन निघून जाते, त्यामुळे पाने पुन्हा ओली होत नाहीत व चिकटतही नाहीत.

५. वाळून घट्ट झालेला गठ्ठा सुटा करणे

आपल्याकडे बहुधा हाच प्रकार आढळतो. हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. तरीही ते कसे होते हे विश्वस्तांना ठाऊक असावे, म्हणजे काम करवून घेताना योग्य प्रश्न विचारता येतील.

नोंद. गठ्ठ्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. दोरी, रुमाल, मोहोर, वरचा क्रम यांची नोंद करावी. पानांचा क्रम हाही पुरावाच असतो.

शाईची परीक्षा. बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवून टीपकागदाने टिपावा. रंग उतरल्यास पाण्याचा उपयोग करता येत नाही. काजळीच्या शाईविषयी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. काजळी पाण्यात विरघळत नाही, परंतु तिला धरून ठेवणारा डिंक विरघळतो. त्यातच घोटलेल्या कागदावर शाई आत न मुरता पृष्ठावर बसलेली असते. म्हणून घाईने पान ओढल्यास अक्षरे समोरच्या पानावर उलटी उमटून जातात आणि मूळ पान कोरे होते. जोर लावून गठ्ठा उघडणाऱ्याच्या हाती कागद राहतो, मजकूर राहत नाही.

कोरडा प्रयत्न. प्रथम पाण्याविना पाहावे. हाडाची, बांबूची किंवा टेफ्लॉनची पातळ, बोथट पट्टी सुट्या कोपऱ्यातून आडवी सरकवावी. वाळवीच्या मातीने चिकटलेली पाने पुष्कळदा एवढ्यानेच सुटतात.

ओलसर हवा देणे. कोरड्या प्रयत्नाने पाने सुटत नसल्यास झाकणाच्या पेटीत तळाशी ओला टीपकागद, त्यावर जाळी आणि जाळीवर गठ्ठा ठेवतात. पाण्याचा स्पर्श होत नाही, केवळ बाष्प मिळते. काही तासांत तंतू सैल होतात, खळ मऊ होते. दर तासाला पाहणे आवश्यक असते, कारण अधिक वेळ झाल्यास बुरशीचे भय असते.

पान उचलणे. सर्वांत सैल कोपऱ्यापासून आरंभ करावा. पान वर न उचलता मागे वळवीत, अगदी लहान कोनात सोडवावे. सुटलेल्या भागाखाली पातळ पॉलिएस्टरचा तुकडा सरकवीत जावे. अडले तेथे थांबावे व दुसऱ्या बाजूने यावे. जेथे केवळ बाष्प पुरत नाही तेथे तज्ज्ञ पाणी व इथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण ब्रशने देतात. अल्कोहोलमुळे द्रव लवकर आत शिरतो व लवकर उडून जातो. खळीचा थर फारच घट्ट असल्यास पिष्ट विरघळविणारी विकरे वापरतात. ही दोन्ही कामे घरी करू नयेत.

तुकडे. सुटून पडलेला प्रत्येक तुकडा, मग तो तिळाएवढा का असेना, पानाचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात ठेवावा. एका अक्षराने नावाचा व गावाचा उलगडा होतो.

वाळविणे. सुटे पान दोन टीपकागदांमध्ये, हलक्या वजनाखाली वाळवावे. दोरीवर किंवा उन्हात टाकू नये.

एका दिवसात दोन-चार पाने सुटली तरी ते काम उत्तम झाले असे समजावे. ज्या गठ्ठ्याचे पान सुटतच नाही, तो तसाच जपून ठेवणे हाही योग्य निर्णय असतो. इस्रायलमधील एन-गेदी येथे सापडलेली करपलेली चर्मगुंडाळी २०१५-१६ मध्ये न उघडता क्ष-किरणांच्या साहाय्याने वाचण्यात आली. २०२३ पासून इटलीतील हर्क्युलेनियमच्या ज्वालामुखीत कोळसा झालेल्या गुंडाळ्यांतील शब्दही याच मार्गाने वाचले जात आहेत, आणि त्यांची शाई आपल्यासारखीच काजळीची आहे. आज न उघडणारा गठ्ठा उद्या वाचला जाईल. तो शिल्लक असला पाहिजे, एवढेच.

६. दुरुस्ती व वर्ज्य गोष्टी

फाटलेल्या पानास जपानी टिश्यू नावाचा लांब तंतूंचा पातळ कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतात. ही दुरुस्ती पाणी लावून पुन्हा काढता येते. जे काम पुढील पिढीस उलटविता येईल तेच करावे, हे या शास्त्राचे मूळ सूत्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विसाव्या शतकाच्या मध्यास ॲसिटेटचा पातळ पडदा ॲसिटोनने चिकटविण्याची पद्धत विकसित झाली व ती बराच काळ देशभर चालली. आता तज्ज्ञांचा कल टिश्यू व खळ यांकडेच अधिक आहे.

भाविकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

– दुकानातून प्लॅस्टिकचे गरम लॅमिनेशन करवून घेणे. एकदा केल्यावर कागद त्यातून सुखरूप बाहेर काढता येत नाही.
– चिकटपट्टी, फेव्हिकॉल, स्टेपलर व लोखंडी टाचण्या वापरणे.
– पुसट अक्षरे पेनाने गिरविणे.
– बोटास थुंकी लावून पाने उलटणे. कीड लागू नये म्हणून पिवळ्या पोथ्यांना हरताळ लावीत असत. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे व ते विषारी आहे.
– बुरशी लागलेला बस्ता बंद खोलीत झटकणे. मुखपट्टी व हातमोजे आवश्यक आहेत.
– कागदास कुंकू, हळद, गंध लावून पूजा करणे. पूजा वेष्टनाची करावी.

७. साठवण

आपल्या जिल्ह्यातील पावसाळा हा कागदाचा खरा परीक्षाकाळ असतो. बस्ते जमिनीपासून व भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर किंवा रंग दिलेल्या पोलादी कपाटात ठेवावेत. स्वयंपाकघर, स्नानगृह व गाभारा यांच्या भिंतीस लागून ठेवू नयेत. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधावेत. वेखंड व कडुनिंबाची वाळलेली पाने कपाटात ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, मात्र ती कागदास लागू नयेत. दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या निमित्ताने पोथ्या बाहेर काढण्याची प्रथा म्हणजे पावसाळ्यानंतरची वार्षिक तपासणीच होय. त्या दिवशी प्रत्येक बस्ता सावलीत उघडून पाहावा व नोंदवहीत तारीख लिहावी.

सुट्या झालेल्या प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र किंवा स्कॅन करून त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. तथापि छायाचित्र झाले म्हणून मूळ कागद टाकू नये. कागदाची जात, मोहोर, शाई, घडीच्या खुणा यांवरूनच त्याचा खरेपणा ठरतो.

८. विसर्जनाविषयी विनंती

जीर्ण पोथीचे जलात विसर्जन करण्यामागे अनादर नसून आदरच असतो, हे आम्ही जाणतो. परंतु इंद्रायणीत बुडविलेली तुकोबारायांची गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आली, ही कथा आपल्या परंपरेने का जपली, याचाही विचार व्हावा. शब्द तरला याचाच तो आनंद आहे. प्रत्येक बस्त्याच्या वाट्यास इंद्रायणी येत नाही. घरच्या वृद्धांच्या पश्चात पेटी रिकामी करताना जे कागद नदीत किंवा रद्दीत जातात, ते परत येत नाहीत, आणि त्यांबरोबर एखाद्या गावाची व घराण्याची एकमेव नोंद नाहीशी होते.

कायद्याची बाजूही लक्षात असावी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय महत्त्वाची किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते व अभिलेख 'पुरावशेष' या व्याख्येत येतात. खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाहीत.

९. साहाय्य कोठे मिळेल?

राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रादेशिक कार्यालय भोपाळ येथे आहे. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय नागपूर येथे असून भोसलेकालीन व मध्य प्रांताच्या कागदांच्या दृष्टीने ते आपणांस जवळचे आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्या कार्याच्या विस्तारासाठी 'ज्ञान भारतम्' मिशनची घोषणा झाली, व एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व संवर्धन हे त्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. मोडी वाचनासाठी पुणे व धुळे येथील संशोधन मंडळांकडे विचारणा करता येईल.

सर्व भाविकांस आमची नम्र विनंती आहे की, घरी जुना बस्ता असल्यास तो उघडण्यापूर्वी, विकण्यापूर्वी किंवा विसर्जित करण्यापूर्वी एकदा विश्वस्त मंडळास कळवावे. कागदांची मालकी आपलीच राहील. आम्हांस केवळ त्यांची नोंद व्हावी व ते जाणत्या हाती पडावेत, एवढीच इच्छा आहे. ज्या पूर्वजांनी दिव्याच्या उजेडात, बोरूने, एकही अक्षर न चुकविता हिशोब लिहून ठेवला, त्यांच्या श्रमांचे जतन करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

॥ शुभं भवतु ॥